मागच्या चाकांचा धूर

पालघरला स्टेशनजवळच्या गल्लीत कॉम्प्युटरच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या दुकानदाराला मी म्हणालो, "मला धूर जास्त पाहिजे." त्याने चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठून आले तुमी?"

"बोईसरहून," मी म्हणालो.

"मंग तितं कमी पडला काय?" असं म्हणून तो इतका हसला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. मला राग आला. माझा राग नाकावर असतो, आणि परक्या माणसासमोर तो गिळावा लागला की दिवसभर डोक्यातून जात नाही. पण त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. कारखान्यांच्या बोईसरमध्ये राहून धुरासाठी वणवण फिरणारा माणूस त्याने आधी कशाला पाहिला असेल?

मला हवा होता तो खेळातल्या गाडीचा धूर. कॉम्प्युटरवर शर्यतीचा एक खेळ मी खेळतो. त्यात ड्रिफ्ट नावाचा प्रकार आहे. गाडी वळणावर मुद्दाम घसरवायची, तोंड एकीकडे ठेवायचं आणि जायचं दुसरीकडे, आणि मागची चाकं मात्र जोरात फिरवत ठेवायची. रबर रस्त्यावर घासलं जातं आणि पांढरा धूर निघतो. ज्याचा धूर दाट, तो खेळाडू पक्का. माझ्या गाडीतून निघायचा तो धूर पाहून कुणीही म्हणालं असतं की चहा उकळलाय, गॅस बंद करा.

चाळिशीला टेकलेला, तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर असलेला माणूस असल्या गोष्टीच्या मागे का लागला, हे सांगायचं तर माझ्या रूम पार्टनरबद्दल सांगावं लागेल.

मी सांगली जिल्ह्यातला, तो खानदेशातला. माझ्या आधी काही वर्षं तो कंपनीत लागलेला. मी बोईसरला आलो तेव्हा त्यानेच मला त्याच्या खोलीत जागा दिली. एक खोली, कोपऱ्यात ओटा, मागे मोरी आणि एक खिडकी. कारखान्यांचा वास सुटला की गल्लीतली सगळी घरं एकामागून एक खिडक्या लावून घ्यायची, आम्हीही लावायचो. सुट्टीच्या दिवशी तो वरण-बट्टी करायचा. बट्ट्या भाजताना मला ओट्याजवळ फिरकू द्यायचा नाही. भांडी घासायचं काम माझं. मी कुरकुर करायचो आणि तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "घासलेलं दिसत नाही, पुन्हा घास." तो चेष्टा करतोय की खरं बोलतोय, हे कळायला मला पहिलं वर्ष गेलं. चेष्टा करताना तो हसायचाच नाही. बराच वेळ थांबून, समोरचा चिडला की मग हसायचा.

कॉम्प्युटर आम्ही दोघांनी मिळून घेतला. जुनाच होता, पण चालायचा. पुढे हातात धरून खेळायचे दोन कंट्रोलर आणले आणि खाटेवर शेजारी शेजारी बसून आम्ही गाड्या पळवायला लागलो. तेव्हा आमच्या दोघांच्याही गाड्या जेमतेम धूर काढायच्या. आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याची गाडी भिंतीवर आदळली की तो माझ्या गुडघ्यावर चापट मारायचा, जसं काही भिंत मीच बांधली होती.

मग कंपनीने एक प्रॉडक्ट गुजरातमधल्या दहेजच्या प्लॅन्टला हलवलं आणि त्याला तिकडे बढती मिळाली. प्लॅन्टमधलं काम संपलं, आता ऑफिसात बसून प्लॅनिंग करायचं. बायको-मुलांनाही गावाहून तिकडे नेता येणार होतं. चांगलंच झालं, मी खरंच मनापासून म्हणालो. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडेच ठेवला. "तिकडे नवीन घेईन. तुला इथे दुसरं कोण आहे?" म्हणाला. हे त्याने प्रेमानेच म्हटलं होतं. मला मात्र ते वाक्य पुष्कळ दिवस टोचत राहिलं, कारण त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

दुसरा रूम पार्टनर मी घेतला नाही. दोन-तीन जण बघून गेले. एकाने आल्याआल्या विचारलं, इथे नेटवर्क येतं का, आणि मी त्याला नाही म्हणून सांगितलं. येत होतं. पण त्या खाटेवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवलं नसतं. लग्नाचं काही जमलं नव्हतं, गावी आईवडील भावाकडे मजेत होते. शिफ्टवरून यायचं, डबा खायचा, झोपायचं. कंपनीत माणसं होती, चांगली होती, पण बसमधून उतरलं की ज्याचा तो आपल्या घरी. सुट्टीला एकदा केळव्याच्या समुद्रावर जाऊन आलो. पूर्वी आम्ही दोघं त्याच्या मोटरसायकलवर जायचो. सुरूच्या झाडांखाली मुंबईची कुटुंबं चादरी पसरून बसली होती. मी कडेकडेने पाण्यापर्यंत गेलो, पाय ओले केले आणि परत आलो. एकट्याने फिरायला जाणं मला जमत नाही, हे त्या दिवशी कळलं.

तो गेल्यावर सुरुवातीला रोज फोन व्हायचा. मग आठवड्यातून एकदा. मग माझ्याकडून आठवड्यातून एकदा. तक्रार नाही, त्याच्या मागे घर होतं, मुलांची शाळा होती. एकदा बोलता बोलता तो म्हणाला की ऑफिसातल्या काही जणांबरोबर तो रविवारी दुपारी तोच खेळ ऑनलाइन खेळतो. "तू पण ये की." माझी सुट्टी फिरती असते. मी सुपरवायझरच्या मागे लागून, दुसऱ्यांच्या सणावाराच्या ड्युट्या अंगावर घेऊन रविवार मागून घेतला.

कानाला हेडफोन लावून मी बसलो आणि त्याचा आवाज ऐकला. फोनवरचा नव्हे, खेळतानाचा. दातांतून शीळ घातल्यासारखा श्वास, मध्येच "अरे अरे अरे". मी एकदम सरसावून बसलो. कितीतरी दिवसांनी ती खोली मला खोलीसारखी वाटली. आमची घरमालकीण खालीच राहते, मूळची किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. तिने जिन्यातून आवाज दिला, "पाव्हना आलाय काय तुमच्याकडं?" मी सांगितलं, कोणी नाही. "मंग बोलता कोनाशी?" मी म्हणालो, दहेजच्या मित्राशी. ती दोन पायऱ्या वर चढून आली. मग म्हणाली, "एकट्यानं राहू नये. बरं नाय ते," आणि खाली गेली.

त्या लोकांचा एक ठरलेला डाव होता. चार गाड्या एकामागे एक, अगदी खेटून, एकाच वेळी वळणावर घसरवायच्या आणि त्याचा व्हिडिओ काढायचा. पुढच्या गाडीने धुराचा लोट सोडायचा आणि मागच्या गाड्या त्यातून एकेक करून बाहेर यायच्या. दिसायला फारच सुंदर. त्यांचा पुढचा गाडीवाला बदली होऊन गेला होता. ती जागा रिकामी होती. मित्राने माझं नाव सुचवलं, पण माझा धूर पाहून बाकीच्यांना ते पटेना. एक जण म्हणाला, "भाई, इसमें तो हम सब साफ दिख रहे हैं।"

नंतर मित्राने फोन करून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत जमव. मी थांबवून धरलंय. नाहीतर इथलाच एक पोरगा तयार आहे, आणि चारच्या वर गाड्या आम्ही घेत नाही."

म्हणजे जमलं तर दर रविवारी दुपारी तो माझा. नाही जमलं तर आठवड्यातून एकदा माझ्याकडून फोन. मला गाडीचं किंवा व्हिडिओचं काडीइतकं कौतुक नव्हतं. मला ती दुपार हवी होती.

मी कामाला लागलो. पहिली शिफ्ट करून दुपारी आलो की कॉम्प्युटर लावायचा. धुरासाठी काय काय करावं लागतं, याची माहिती इंटरनेटवर ढीगभर आहे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला मूर्खात काढतो. आधी चित्राच्या सेटिंगमध्ये धुराची पातळी सगळ्यात वर नेली. त्याने खेळ अडखळत चालू लागला. त्यासाठीच मी पालघरला जाऊन, त्या दुकानदाराचं हसू सोसून, वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं. चित्र सुधारलं. धूर थोडा पांढरा झाला, पण तुटक तो तुटकच. मग मागच्या टायरांत हवा वाढवली. टायर बदलले, जास्त चिकट घेतले, कारण चिकट रबर जास्त तापतं. मग इंजिन मोठं बसवलं. मग कुणीतरी लिहिलं होतं की दुसऱ्या गिअरला नाही, तिसऱ्याला घसरवा, म्हणजे चाक जास्त वेगाने फिरतं. तेही केलं. प्रत्येक वेळी चिमूटभर फरक पडायचा. मित्राच्या गाडीमागे मात्र धुराची भिंत उभी राहायची. आणि गाडी तीच, सेटिंग तीच. त्याने स्वतः पाठवलेली सेटिंग मी जशीच्या तशी भरली होती.

"बोट दाबून ठेव," तो म्हणायचा. कंट्रोलरवर उजव्या तर्जनीखाली अ‍ॅक्सिलरेटरचं बटण असतं. "तू सोडतोयस."

"मी सोडत नाहीये."

"सोडतोयस रे. आवाज कमी होतो गाडीचा. मला ऐकू येतं."

"तुला दहेजहून माझं बोट दिसतं का?" मी तडकून बोललो. तो हसला नाही. पूर्वीचा असता तर थांबून हसला असता. तो म्हणाला, "बरं, बघ तू. मला जेवायला बोलावतायत." त्या दिवशी मी कंट्रोलर खाटेवर फेकला आणि मग तुटला तर नाही ना म्हणून लगेच उचलून पाहिला. माझे राग असे असतात.

दुसऱ्या दिवशी त्याला खोटं पाडायचं म्हणून मी रिप्ले लावला. खेळात आपलीच फेरी पुन्हा बघता येते, आणि खाली कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते ती दाखवते. मी पाहत बसलो. वळण आलं, गाडी घसरली, पट्टी पूर्ण भरलेली. मागच्या चाकांतून धूर निघाला. आणि धूर निघाल्याबरोबर पट्टी खाली पडली. मग धूर विरला, पट्टी भरली. पुन्हा धूर, पुन्हा पट्टी खाली. मी दुसरी फेरी लावली, तिसरी लावली. सगळ्यांत तेच. पांढरं दिसलं रे दिसलं की माझं बोट सुटत होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी खाटेवर मागे टेकलो आणि मला हसू आलं. हा दोष गाडीचा नव्हता, तारापूरचा होता.

आमच्याकडे रिअ‍ॅक्टरमध्ये अ‍ॅसिड थेंबाथेंबाने सोडावं लागतं. वॉल्व्हवर हात ठेवून उभं राहायचं आणि वर झाकणातल्या काचेकडे बघायचं. पांढरी वाफ दिसली की आत तापमान चढतंय, आणि तेव्हा विचार करत बसायला वेळ नसतो. आधी वॉल्व्ह बंद, बाकी सगळं नंतर. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तकातलं हातात उतरत नाही. ते माझ्या हातात उतरवलं माझ्या रूम पार्टनरने. मी नवीन असताना तो माझ्या मागे उभा राहायचा. हातात रबरी हातमोजा. वाफेची रेघ दिसली आणि माझा हात हलायला जरा उशीर झाला की तो मोजा फटकन माझ्या मनगटावर बसायचा. "आधी हात. डोकं मागून येऊ दे." लागायचं नाही, पण चारचौघांत अपमान वाटायचा. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो. काही महिन्यांनी मोजा बसायचा बंद झाला, कारण माझा हात त्याच्या आधी हलायला लागला. तेव्हापासून आजपर्यंत प्लॅन्टमध्ये माझ्या हातून काही बिघडलेलं नाही. आणि म्हणूनच त्या खाटेवर आम्ही दोघं शेजारी बसून खेळायचो तेव्हा दोघांच्याही गाड्या जेमतेमच धूर काढायच्या. त्याचंही बोट सुटत असणार.

कारण कळलं, पण उपाय होईना. बोट दाबून धरायचं ठरवून मी खेळलो, तर धूर दिसला की बोट सुटायचंच. सराव केला असता तर जमलंही असतं कदाचित. पण ते बोट सकाळी मला परत वॉल्व्हवर ठेवायचं होतं. खेळात धूर बघून गप्प बसायला त्याला शिकवलं आणि तिकडेही ते गप्प बसलं तर? एका गाडीच्या धुरासाठी मी हा धोका घेणार नव्हतो. दुसऱ्या कुणासाठीही घेतला नसता. त्याच्यासाठी घ्यावा का, असा विचार मात्र मनात येऊन गेला.

शेवटी वाट सापडली ती साधीच होती. हा खेळ गाडीच्या मागून बघत खेळतात, म्हणजे गाडीही दिसते आणि धूरही. पण कॅमेरा पुढे बॉनेटवर नेता येतो. तिथून फक्त समोरचा रस्ता दिसतो. धूर मागे राहतो. मी कॅमेरा बदलला. वळणं चुकली, दोनदा कठड्यावर गेलो, पण बोट सुटलं नाही. सुटायला त्याला काही दिसतच नव्हतं. फेरी संपल्यावर रिप्ले लावला आणि पाहिलं, तर माझ्या गाडीमागे रस्ता दिसत नव्हता. इतका धूर मी सोडला होता आणि सोडताना मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. मी खिडकी उघडून उगाच बाहेर पाहिलं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. घरमालकीण अंगणात सुकट उलटीपालटी करत होती. तिला काय सांगणार?

महिनाअखेरच्या रविवारी दुपारी मी त्यांच्यासमोर गाडी काढली. पुढे मी, मागे मित्र, त्याच्या मागे बाकीचे दोघे. माझ्या पडद्यावर मोकळा रस्ता आणि कठडा, बाकी काही नाही. पहिलं मोठं वळण आलं, मी गाडी टाकली आणि बोट दाबून धरलं. कानात एकदम गलका झाला. "ओ हो हो, क्या धुआँ है भाई." "कुछ नहीं दिख रहा, कुछ नहीं." आणि त्यातून मित्राचा आवाज, तोच, "अरे अरे अरे." मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. एकट्याने बसलेल्या माणसाला हे बरं असतं, कुणी बघत नाही.

फेरी संपली. बाकीचे दोघे व्हिडिओ बघतो, चहा घेऊन येतो म्हणून बाजूला झाले. मी आणि तो, दोघंच उरलो.

"काय केलंस रे?" तो म्हणाला. "एका आठवड्यात इतका फरक?"

या प्रश्नाचीच मी वाट बघत होतो. आठवडाभर मी मनात त्याला हे सांगत होतो, आणि तो कसा हसेल तेही ऐकत होतो. मी त्याला रिप्लेचं सांगितलं, हिरव्या पट्टीचं सांगितलं. "पांढरं दिसलं की बोट सुटायचं माझं. आपोआप. वॉल्व्हसारखं. मग कॅमेराच पुढे नेला."

तो हसला. "भारीच आहे हे. असंही होतं का? मला आता प्लॅन्टमधलं फारसं आठवतसुद्धा नाही बघ. इथे सगळं शीटवर." मग त्याने विचारलं, "पण इतकी पक्की सवय तुला लावली कुणी?"

तो चेष्टा करतोय असं मला वाटलं. मी थांबलो. त्याला थांबायची सवय होती, म्हणून मीही थांबलो. हेडफोनमध्ये त्याच्या घरातला मिक्सर ऐकू येत होता, कुणीतरी मूल काहीतरी मागत होतं. तो त्या मुलाला म्हणाला, "आलो, दोन मिनिटं," आणि मग मला म्हणाला, "हं, बोल. कुणी?"

"होता एक," मी म्हणालो. "जुना ऑपरेटर."

"कडक असेल."

"कडक होता. पण चांगला शिकवायचा."

"मग बरं झालं," तो म्हणाला. तेवढ्यात बाकीचे दोघे परत आले. त्याने त्यांना सांगितलं की ठरलं, आता पुढे हाच, आणि मी गाडी नेऊन सगळ्यांच्या पुढे उभी केली.